दादाच्या फोटोंची मुक्ती

२ जानेवारी, सकाळी ७:१०
आजपासून रोजनिशी. कागदावर. कागद हॅक होत नाही, कागदाला अपडेट लागत नाही आणि माझ्या नकळत तो परदेशातल्या सर्व्हरला काही कळवत नाही. नावं कुणाचीच लिहिणार नाही. वही चुकून कुणाच्या हाती लागलीच, तर त्याला इतकंच कळावं की एक दादा आहे, एक वहिनी आहे, एक बायको आहे आणि या सगळ्यांच्या बराच पुढचा विचार करणारा एक माणूस आहे.
संकल्प: फोनमधलं सगळं बंदिस्त सॉफ्टवेअर काढणे. ज्याच्या आतला कोड आपल्याला बघता येत नाही ते सॉफ्टवेअर आपलं नसतं, आपण त्याचे असतो. मग सरकारच्या नव्या इंटरनेट कायद्यावर हरकती पाठवणे. मग दादाच्या स्टुडिओला स्वातंत्र्य. आणि पोट.

३ जानेवारी
फोन पूर्ण स्वतंत्र झाला. आता त्यावरून फोन लागत नाही, पण ती किरकोळ बाब. तूर्त बायकोचा वापरतो.

७ जानेवारी
स्टुडिओ दादाचा. चौतीस वर्षांचा. दादा फोटो काढतो, वहिनी काउंटर सांभाळते आणि मी मागच्या खोलीत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग काढतो. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे, कारण दादाला त्यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला फक्त टाइप करता येतं. आणि तिथेच गोम आहे.
एक लाख एक्केचाळीस हजार फोटो. रोलच्या काळातले निम्मे त्याने स्वतः स्कॅन करून घातलेत. आणि प्रत्येकाच्या पोटात दादाने टाइप केलंय: नाव, तारीख, प्रसंग. वर शेरा. आज सहज चार उघडले. ‘नवरदेवाचे डोळे मिटतात. तीन म्हणून सांगावे, दोनला काढावा.’ ‘दोघे भाऊ बोलत नाहीत, शेजारी उभे करू नयेत.’ ‘बाई डाव्या गालाने हसतात.’ ‘वडील गेले आहेत, काकांना मध्ये घ्यावे.’
याला म्हणतात मेटाडेटा. हेच कंपन्या करतात तेव्हा आपण मोर्चे काढतो. दादाला म्हटलं, तू अख्ख्या गावावर पाळत ठेवून आहेस. तो म्हणाला, अरे, लक्षात राहावं म्हणून लिहितो. प्रत्येक हुकूमशहा हेच म्हणतो.

११ जानेवारी
हरकती पाठवल्या. अडतीस मुद्दे. आमच्या ऑनलाइन फोरमवर टाकल्यावर ‘उघडाडोळा’ने लिहिलं की इतकं स्पष्ट आजवर कुणी मांडलं नव्हतं. उघडाडोळा म्हणजे माझा सगळ्यात जवळचा मित्र. खरं नाव, गाव, वय माहीत नाही. मैत्री असावी तर अशी.

१९ जानेवारी
सरकारचं उत्तर आलं. माझ्या हरकती त्यांच्या वेबसाइटवर प्रसिद्ध झाल्या आहेत, माझं पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर यांच्यासह. खासगीपणाचा मुद्दा सतरावा होता.
दुपारपर्यंत दोन विमावाल्यांचे आणि एका गादीवाल्याचे फोन. नंबर बायकोचा दिला होता. ती म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. तिला धोरणातलं काही कळत नाही.

४ फेब्रुवारी
दादा-वहिनी मुलीकडे गेले. दहा दिवस. दादा जाताना म्हणाला, दुकान उघड, दुकान बंद कर, मध्ये कशाला हात लावू नकोस. वहिनीने किल्ली माझ्या हातात देऊन वर मूठ दाबली, जशी लहान मुलाची दाबतात. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे.

५ फेब्रुवारी
दादाच्या मशीनवर कुतूहल म्हणून माझं स्वतःचं नाव शोधलं. दोनशे बारा फोटो. सगळ्यांना एकच शेरा: ‘बोलत राहतो. तोंड उघडे येते. बोलणे थांबेपर्यंत वाट पाहू नये, थांबत नाही.’
याचा पुढच्या निर्णयाशी काडीचाही संबंध नाही. निर्णय तत्त्वाचा आहे.

६ फेब्रुवारी
उघडाडोळाने स्क्रिप्ट पाठवली. छोटीशी, फुकट, कोड उघडा. एकदा चालवली की फोटोच्या पोटातलं सगळं साफ. फाइलचं नावसुद्धा जाऊन नुसता आकडा. त्याने बजावलं की बॅकअपवरही चालव, बॅकअपमध्ये राहिलेला डेटा म्हणजे अर्धवट मारलेला साप. किती खरं. चालवली. दोन्हीकडे.
एका कंपनीच्या सर्व्हरवर दादाने एक प्रत ठेवली होती. ते खातं बंद केलं, मशीनवरचं त्यांचं सॉफ्टवेअरही काढलं. बंद करू नका म्हणून कंपनीने चार वेळा विनवलं. त्यांच्या पोटात गोळा आला असणार.
एक लाख एक्केचाळीस हजार माणसं आज मुक्त झाली. त्यांना ठाऊकही नाही. मोठी कामं अशीच गुपचूप होतात.

८ फेब्रुवारी
फोटोंच्या नोंदींची कागदी रजिस्टरं राहिली होती. अठ्ठावीस. वरच्या फळीवर, कुलूप नाही, काही नाही. बँकेतल्या मित्राकडून कागद फाडायचं मशीन आणलं. दोन दिवस लागले. मशीन दोनदा तापलं.
बायको डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने विचारलं, दादांना विचारलंत का? मी म्हटलं, स्वातंत्र्य विचारून देत नसतात. ती डबा ठेवून गेली. डबा माझ्या आवडीचा नव्हता.

१४ फेब्रुवारी
दादा-वहिनी परत आले. अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सांगणार. बावीस स्लाइड केल्या आहेत. शेवटच्या स्लाइडवर टाळ्यांसाठी थोडी जागा सोडली आहे.

१६ फेब्रुवारी
स्लाइड दाखवायच्या राहून गेल्या. झालं ते क्रमाने लिहितो.
सकाळी मुख्याध्यापिका आल्या. गेल्या आठवड्यात त्यांचे मिस्टर गेले. त्यांना मिस्टरांच्या निवृत्ती समारंभातला फोटो हवा होता. नक्की कोणता ते सांगता येईना, पण त्यात ते हसतायत म्हणाल्या, आणि तुमच्या दादांना बरोबर माहीत असेल. दादा म्हणाला, आत्ता काढतो. नाव टाइप केलं. काही नाही. स्पेलिंग बदललं. काही नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घातलं. मग वहिनीचं.
मी पुढे झालो आणि शांतपणे सगळं समजावलं. बाईंना हेही सांगितलं की फोटो कुठेही गेलेला नाही, तो आहेच, फक्त आता स्वतंत्र आहे. एका फोटोला तीन सेकंद धरले तर रोज आठ तास बसून पंधरा दिवसांत सापडेल. खुर्चीही देऊ केली. त्यांनी काउंटरला हात टेकला.
दादाने विचारलं, बॅकअप? म्हटलं, तोही. रजिस्टरं? म्हटलं, तीही. त्याने आणखी काही विचारायला तोंड उघडलं आणि तोंड वाकडं केलं. मी म्हटलं, तोंड वाकडं करून काय होणार, मुद्दा असेल तर मांड. त्याने आणखी वाकडं केलं. मग हातातला माउस खाली पडला. मला वाटलं, फेकला.
वहिनी किंचाळली तेव्हा लक्षात आलं.

१७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
मेंदूत गुठळी. उजवा हात आणि बोलणं गेलंय. हात येईल म्हणतात.
एक गोष्ट नोंदवून ठेवणं गरजेचं आहे, कारण वहिनी ती सगळ्यांना भलत्याच पद्धतीने सांगते आहे. काल इमर्जन्सीमध्ये माझ्या हातात टॅब्लेट दिला. रुग्णाचं नाव, वय, चालू औषधं, आधीचे आजार आणि खाली ‘मी सहमत आहे’. कशाशी सहमत? नर्सला विचारलं, तिला माहीत नव्हतं. म्हणून मी प्रायव्हसी पॉलिसी उघडली. चौदा पानं. कुणीतरी वाचायला हवीच ना? नवव्या पानावर स्पष्ट लिहिलंय की माहिती ‘भागीदारांना’ देण्यात येईल. हे भागीदार कोण, म्हणून मी विचारत होतो. तेवढ्यात वहिनीने टॅब्लेट हिसकावून घेतला आणि सही केली.
एकूण अकरा मिनिटं. डॉक्टर म्हणाले की या आजारात मिनिटामिनिटाला मेंदू जातो. त्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

१८ फेब्रुवारी
बीपी त्याला आधीपासून होतं. हे मी सगळ्यांना सांगतो आहे.

२० फेब्रुवारी
बायको आठवडाभर वहिनीकडे झोपायला जाणार. वहिनीला सोबत म्हणून. मलाही सोबत लागते हे मी निघताना सांगितलं. तिने ऐकलं नसावं, कारण ती गेली.

२ मार्च
दादा घरी आला. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येतात. हुशार वाटल्या. त्यांनी समजावून सांगितलं की दादाचे शब्द गेलेले नाहीत, शब्दांची वाट हरवली आहे. ओळखीच्या गोष्टी दाखवायच्या, नाव म्हणायचं, पुन्हा दाखवायचं. मग त्या म्हणाल्या की हे फोटोग्राफर आहेत ना, मग किती बरं, जुने फोटो काढा, नावं आणि तारखा असलेले. यांच्यासाठी याहून चांगलं औषध नाही.
दादाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, माझ्याकडे बघत होती. वहिनी बघत नव्हती. मी बाईंना सांगितलं की फोटो भरपूर आहेत.

५ मार्च
संकल्प: दादाला मीच बोलता करणार. जिथे दुखतं तिथेच औषध. चेहरे ओळखणारं एक फ्री सॉफ्टवेअर सापडलंय. घरच्या मशीनवर चालतं, बाहेर एक अक्षर जात नाही. ते फोटो बघून स्वतःच नाव सुचवतं. एक लाख एक्केचाळीस हजार फोटो ते आठवड्यात लावेल. मग वहिनीला कळेल.

१० मार्च
सॉफ्टवेअर शिकतं आहे. मुख्याध्यापिकांना त्याने ‘पुरुष, टोपी’ म्हटलं. पुतणीच्या पहिल्या वाढदिवसाला ‘आग’. मेणबत्ती होती, म्हणजे अगदीच चूक नाही.

१२ मार्च
बाई नसताना दादाबरोबर पहिला सेशन घेतला. त्याला खुर्चीत बसवलं, लॅपटॉप समोर. मी चित्र दाखवायचं, मशीनने नाव म्हणायचं, दादाने मागोमाग. दादा आज्ञाधारकपणे बघत होता. शेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने माझं सलग चाळीस मिनिटं ऐकलं. फार बरं वाटलं. हे खोटं का लिहू?
आणि यश! दादाने पहिला स्वच्छ शब्द उच्चारला. ‘सोफा.’

१३ मार्च
एक छोटी अडचण. तो फोटो वहिनीचा होता. लग्नातला. मागे सोफा होता आणि मशीनने मोठी वस्तू निवडली.
दादा कालपासून वहिनीला सोफा म्हणतो आहे. तिने पाणी दिलं, म्हणाला सोफा. तिने डोक्यावरून हात फिरवला, म्हणाला सोफा. आपण काहीतरी चुकतोय हे त्याला कळतं, म्हणून जोर लावून म्हणतो, आणि जोर लावला की तेच येतं. मग रडतो. वहिनीही.
बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की चुकीचा शब्द एकदा वाटेत बसला की उठवायला दुप्पट वेळ लागतो. हे आधी सांगायला हवं होतं त्यांनी.

१४ मार्च
वहिनीने स्टुडिओची किल्ली परत मागितली. भाऊजी, तुम्ही काही दिवस इकडे येऊ नका, म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.
पुतणीने स्टुडिओतल्या मशीनवर कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं, असं बायकोकडून कळलं. माझा निषेध बायकोमार्फत कळवला. तिने कळवला की नाही, ते कळलं नाही.

१८ मार्च
उघडाडोळाला सगळं मोकळेपणाने लिहिलं. अकरा परिच्छेद. त्याचं उत्तर आलं: ‘आधी एका फोल्डरवर करून बघायला हवं होतं ना भावा.’ मग हसरा चेहरा.
मी त्याला ब्लॉक केलं. कोण कुठला.

२६ मार्च
बायको अजून वहिनीकडेच. तिचा फोन तिच्याबरोबर. म्हणजे माझ्याकडे आता फोन नाही. कुणी माझा मागोवा घेऊ शकत नाही. कुणी घेतही नाहीये.

३ एप्रिल, सकाळी १०
दादाच्या घराच्या समोरच्या फुटपाथवरून लिहितो आहे. घरात गेलेलो नाही, म्हणजे शब्द मोडलेला नाही.
काय चाललंय ते पाहून धक्का बसला. जिन्यात रांग. सगळी स्टुडिओची गिऱ्हाइकं. प्रत्येकाच्या हातात आपापल्या घरचा अल्बम. बाहेर पडणाऱ्यांना विचारलं. एकेक जण आत जातो, दादासमोर बसतो, फोटो धरतो आणि स्वतःचं नाव सांगतो. आपणहून! लग्न कधी झालं, मूल कधी झालं, कोण गेलं, सगळं. वहिनी शेजारी बसून वहीत उतरवून घेते. सुरुवात मुख्याध्यापिकांनी केली म्हणे. त्यांनीच शाळेच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांना निरोप धाडला.
ज्यांना मी मुक्त केलं, तीच माणसं रांग लावून परत आत चालली आहेत. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

५ एप्रिल
उपाय सापडला. दोन पानी संमतीपत्र तयार करून जिन्याशी उभा राहिलो. माहिती कशासाठी, किती काळ, हटवण्याचा हक्क, सगळं मुद्देसूद. ऐंशी प्रती संपल्या! लोक अजून जागे होऊ शकतात.

संध्याकाळी. वर गेलेल्या प्रतींपैकी काही बायकोने आणून दाखवल्या. लोकांनी मागच्या कोऱ्या बाजूवर आपापली नावं आणि प्रसंग लिहून वहिनीला दिले आहेत. कागद चांगला होता, असं वहिनी म्हणाल्याचं बायकोने सांगितलं.
मुक्काम हलवायचं तिच्या मनात दिसत नाही. विचारलं तर म्हणाली, तिथे माणसं असतात.

२१ एप्रिल
दादा नावं घेतो. बायकोने सांगितलं. रोज पाचसहा. एका आजोबांचा फोटो बघून त्यांचं आडनाव म्हणाला आणि वर स्वतःचा डावा गाल फुगवून दाखवला, म्हणजे ते फोटोच्या वेळी तंबाखू काढायला विसरले होते. आजोबा ढसाढसा रडले. वहिनी आता पुन्हा वहिनी झाली आहे. सोफ्याला तो काही म्हणत नाही, नुसता टाळतो.
वाक्य मात्र अजून नाही. सुटे शब्दच येतात. वाक्य आलं की पुढचा रस्ता सोपा, असं बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणतात.
मी विचार करतो आहे. एवढ्या लोकांनी आपापली नावं सांगितली. मी नाही सांगितलं.

२२ एप्रिल
तत्त्वात अपवाद असू शकतो का? असू शकतो. संमती जर मुक्त, माहितीपूर्ण आणि लेखी असेल तर. लिहून काढली. चार अटी घातल्या, मग तीन खोडल्या, मग चौथीही.
कपाटात आमचा दोघांचा फोटो सापडला. मी सहा वर्षांचा, दादा चौदाचा. आमच्या वडिलांनी दुसऱ्याचा कॅमेरा मागून काढलेला. मी काहीतरी बोलतो आहे आणि दादाने मागून माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली आहे. याची कॉम्प्युटरवर प्रत नाही म्हणून वाचला. उद्या घेऊन जाणार. इतर कुणाला ओळखो न ओळखो, हा फोटो बघितल्यावर त्याच्या तोंडून माझं नाव येईलच. वहिनीलाही दार उघडावं लागेल.

२३ एप्रिल
रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे सतरा माणसं. वहिनीने मला दारात पाहिलं, एक क्षण थांबली आणि आत घेतलं. बायको खिडकीशी होती. दादाच्या शेजारी बोलणं शिकवणाऱ्या बाई.
मी खुर्चीवर बसलो. काहीच बोललो नाही. फोटो त्याच्या डाव्या हातात दिला. तो बराच वेळ बघत राहिला. फोटोतल्या माझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, परत फोटोकडे. ओळखलं. शंभर टक्के ओळखलं. ओळखणारे डोळे मला कळतात, आयुष्यभर चेहरेच बघितलेत मी.
बाईंनी हळूच विचारलं, कोण आहे हा? वहिनीने वही उघडली, पेन घेतलं.
दादाने घसा साफ केला. एकेक शब्द दगड उचलावा तसा उचलून म्हणाला, ह्याचं नाव नको लिहू. ह्याला आवडत नाही.
बाईंनी एकदम टाळ्या वाजवल्या. दोन पूर्ण वाक्यं! क्रियापदासकट, नकारासकट, सगळं जागच्या जागी. दारातली माणसं आत डोकावली, त्यांनीही वाजवल्या. पुतणी रडत रडत वाजवत होती. वहिनीने पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि तिनेही वाजवल्या. बाई दादाला म्हणत होत्या, शाब्बास, पुन्हा म्हणा बघू. त्याने पुन्हा म्हटलं. या वेळी अजिबात अडखळला नाही.
सगळे वाजवत होते, मीही वाजवल्या.